तो मेल पाठवू नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी भरतकामाचे नमुने काढून ऑनलाइन विकते. २०१६ पासून माझी डॉट कॉम वेबसाइट आहे. नाव म्हणजे दोन साधे इंग्रजी शब्द एकत्र जोडलेले, त्यातला एक ‘टाका’ या अर्थाचा. यंदा डॉट कॉमसारखं एक नवं एक्स्टेन्शन खुलं होणार असं कळलं, म्हणून मी डोमेन विकणाऱ्या एका रजिस्ट्रारकडे पैसे भरून त्यातही तेच नाव पूर्वनोंदवलं. ‘तुमचं नाव राखून ठेवलं आहे’ असा मेलही आला. नोंदणी खुली झाली त्या दिवशी कळलं की ते नाव आधीच एका सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलंय. वर त्याच कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं: हा आमचा ट्रेडमार्क आहे, तुमचं डॉट कॉमही आम्हाला द्या, काय घ्याल ते सांगा. त्यांचा ट्रेडमार्क २०१९ चा आहे. मी रागारागात उत्तर लिहून ठेवलंय: अमुक रक्कम द्या, नाहीतर नवं नाव मला सोडा. त्यांच्या दुसऱ्या एका उत्पादनाचं नाव पुढच्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आपणच आधी घेऊन ठेवावं, असंही मनात येतंय. तसं माझं डोमेन ज्या मुलाने साइट बनवून दिली त्याच्या नावावर आहे, पण पैसे मीच भरते. साइटच्या कडेला आपोआप बदलणाऱ्या जाहिराती आहेत. मेल पाठवू का?
— टाक्यांत गुंतलेली’

नाही. तो मेल पाठवू नका. तुमचा राग मला अगदी पटतो. दहा वर्षांच्या आसपास एका नावाने इमानाने काम करायचं आणि मग कोणीतरी येऊन ‘हे आमचं’ म्हणायचं, हे कोणालाही झोंबेल. पण आज तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती कमकुवत करू शकेल अशी पहिली गोष्ट तुमच्याच हातात आहे: तो मेल.

डॉट कॉमसारख्या नावांवरून ट्रेडमार्कवाल्याशी वाद झाला की तो बहुतेक वेळा युडीआरपी नावाच्या नियमावलीखाली चालतो. डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने ती १९९९ मध्ये मंजूर केली. तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखंच आहे किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. ज्याच्याकडे नाव आहे त्याचा त्यावर कसलाही हक्क किंवा रास्त संबंध नाही. आणि ते नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूनेच वापरलं. वाईट हेतू कसा ओळखायचा याची काही उदाहरणं नियमावलीतच दिली आहेत. त्यातलं पहिलंच असं: मुख्यतः ट्रेडमार्कवाल्याला किंवा त्याच्या स्पर्धकाला, प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीत विकण्यासाठी नाव घेतलेलं असणं. ‘एवढी रक्कम द्या’ हे तुमचं वाक्य नेमकं त्याच उदाहरणाशेजारी नेऊन ठेवलं जाईल. किंमत आधी त्यांनीच विचारली हे अशा तक्रारींचा निवाडा करणारे पंच लक्षात घेतात, आणि ज्याचा नावावर रास्त हक्क आहे त्याने ते विकायला काढलं म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. पण ही बाजू मांडायची वेळ स्वतःवर का आणायची? वर ‘विदाउट प्रेज्युडिस’, म्हणजे ‘हे पत्र माझ्याविरुद्ध वापरू नये’, असं लिहिलं की पत्र सुरक्षित झालं, असंही समजू नका. असे शेरे असलेली पत्रं पंचांपुढे ठेवली गेली आहेत आणि त्यांनी ती वाचलीही आहेत.

कॅनडातल्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. २००३ मध्ये त्याने आपल्या नाव-आडनावाला ‘सॉफ्ट’ जोडून एक डोमेन घेतलं. ते म्हणताना मायक्रोसॉफ्टसारखं ऐकू येई. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी त्याला नावाबद्दल दहा डॉलर देऊ केले. त्याला तो अपमान वाटला आणि त्याने दहा हजार मागितले. त्यानंतर आलेल्या जाडजूड पत्राचा सूर वेगळाच होता: हा मुलगा पैसे उकळायलाच बसला होता. लोकांची सहानुभूती त्याच्या बाजूने उभी राहिली म्हणून २००४ च्या जानेवारीत तडजोड झाली. तशी सहानुभूती तुमच्या वाट्याला येईलच असं धरून चालता येत नाही.

आता पूर्वनोंदणीबद्दल. इथे तुमची फसगत झालीय, आणि ती तुमच्या चुकीने नाही. रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार हे दोन वेगळे. रजिस्ट्री म्हणजे अख्खं एक्स्टेन्शन चालवणारी संस्था. रजिस्ट्रार हा तिच्याकडून नावं मिळवून देणारा विक्रेता. रजिस्ट्रीने दार उघडायच्या आधी विक्रेत्याकडे राखून ठेवण्यासारखं काही नसतंच. त्याने तुमच्याकडून घेतली ती इच्छा, आणि तुम्हाला दिली ती रांगेतली जागा, तीही त्याच्याच दुकानापुरती. त्याच वेळी दुसरे दहा रजिस्ट्रार दुसऱ्या दहा जणांकडून त्याच नावाची पूर्वनोंदणी घेत असतील. दार उघडलं की सगळ्यांच्या विनंत्या एकदम जातात, पहिली पोहोचते तिला नाव मिळतं, आणि नाव आधीच गेलेलं असेल तर कोणालाच मिळत नाही. ‘राखून ठेवलं आहे’ हे शब्द म्हणूनच चुकीचे होते. तो मेल जपून ठेवा, रजिस्ट्रारच्या अटी काढून वाचा आणि परतावा लेखी मागा. नाव न मिळाल्यास पैसे परत देण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते.

नाव आधीच गेलं होतं, कारण नव्या एक्स्टेन्शनमध्ये सगळ्यांच्या आधी एक दार फक्त ट्रेडमार्कवाल्यांसाठी उघडतं. त्याला सनराइज म्हणतात. २०१२ च्या फेरीत १,९३० अर्ज आले आणि त्यातून शेकडो नवी एक्स्टेन्शन्स बाजारात आली, तेव्हा हे दार किमान तीस दिवस उघडं ठेवणं सक्तीचं झालं. त्यासाठी ट्रेडमार्क आधी ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउस या मध्यवर्ती नोंदवहीत, शुल्क भरून, तपासून घ्यावा लागतो. मग पुष्कळदा लँडरश येतो, जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी, आणि शेवटी सर्वांसाठी नोंदणी. तुम्ही या शेवटच्या रांगेत उभ्या होता. सॉफ्टवेअर कंपनी पहिल्या दाराने आत जाऊन केव्हाच बाहेर पडली होती.

हे न्याय्य आहे का? माझं मत सांगते. सनराइजचा हेतू योग्य होता, पण नोंदणी न केलेल्या, प्रामाणिकपणे वापरलेल्या नावांना त्यात जागाच नाही, आणि हा दोष मला सलतो. मुळातली अडचण अशी की ट्रेडमार्क आणि डोमेन यांची मापंच जुळत नाहीत. ट्रेडमार्क देशापुरता असतो आणि वर्गापुरता. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. त्यामुळे डेल्टा नावाची विमान कंपनीही असू शकते आणि डेल्टा नावाचे नळही, दोघंही कायदेशीर, दोघंही सुखी. डोमेन मात्र एका एक्स्टेन्शनमध्ये एकच. दोन प्रामाणिक मालक आणि एकच खुर्ची. तिथे कोणाला आधी बसवायचं याचं उत्तर ‘ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला’ असं दिलं गेलं.

आणि ज्या दिवशी प्रमाणपत्राला असं वजन आलं, त्या दिवसापासून लोक प्रमाणपत्रंच बनवू लागले. २००१ मध्ये डॉट इन्फो सुरू झालं तेव्हा सनराइजमध्ये आलेले ट्रेडमार्क कोणी आधी तपासतच नव्हतं. खोटे क्रमांक आणि बनावट तारखा घालून नावं उचलली गेली, आणि मागाहून हजारो नोंदण्यांना आव्हान द्यावं लागलं. पुढे युरोपीय संघाच्या डॉट ईयूच्या वेळी तपासणी होती, तर पळवाट आणखी नामी निघाली. एका ऑस्ट्रियन कंपनीने ३३ सर्वसामान्य जर्मन शब्द स्वीडनमध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवले, आणि प्रत्येक अक्षराच्या आधी आणि नंतर ‘अँड’चं ते वळणदार चिन्ह घातलं. ‘राइफेन’ म्हणजे गाडीचे टायर. त्याची अक्षरं अशी चिन्हांत गुंफली, आणि नोंदणी कशासाठी, तर सीटबेल्टसाठी! डोमेनमध्ये ते चिन्ह चालत नाही, म्हणून नियमानुसार ते गळलं आणि हातात राहिला नुसता शब्द, टायर डॉट ईयू. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ३ जून २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की वाईट हेतू ठरवताना सगळी परिस्थिती बघायची: ट्रेडमार्क वापरायचा इरादा होता का, तो कसा रचला होता, अशी किती सामान्य नावं मागितली होती. केवळ सनराइजमध्ये घुसता यावं म्हणून बनवलेला ट्रेडमार्क त्या प्रकाशात उघडा पडतो.

ही गोष्ट मी लांबवली, कारण तुमच्या प्रकरणातही तोच प्रश्न विचारता येतो. क्लिअरिंगहाउस सनराइजसाठी ट्रेडमार्क खरोखर वापरात असल्याचा पुरावा मागतं, आणि सनराइजमधल्या नोंदणीला आव्हान देण्याची सोय प्रत्येक नव्या रजिस्ट्रीकडे असते. मात्र तिची कारणं मोजकी आहेत. त्या तारखेला वैध ट्रेडमार्क नव्हता, किंवा डोमेन आणि ट्रेडमार्क तंतोतंत एक नाहीत, अशा प्रकारची. ‘मी हे नाव त्यांच्या आधीपासून वापरते’ हे कारण तिथे चालत नाही. कंपनीच्या ट्रेडमार्कची नोंद सार्वजनिक नोंदवहीत बघून घ्या. ती बघायला पैसे पडत नाहीत. नोंद सरळ असेल, आणि तुमच्या पत्रावरून ती सरळच दिसते, तर नवं नाव सोडून द्या. त्यांच्यावर युडीआरपीची तक्रार करायचा विचारही नको. ज्याच्याकडे स्वतःचा खरा ट्रेडमार्क आहे त्याचा नावाशी संबंधच नाही, असं तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार?

तुमच्या हातातल्या डॉट कॉमकडे या. तिथे सगळं उलट आहे. तुम्ही नाव २०१६ मध्ये घेतलं, त्यांचा ट्रेडमार्क २०१९ चा. जो ट्रेडमार्क जन्मलाच नव्हता त्याला डोळ्यांसमोर ठेवून नाव घेतलं असं म्हणता येत नाही, आणि वाईट हेतू नोंदणीच्या वेळचाच दाखवावा लागतो. अपवाद आहे: एखादं उत्पादन येऊ घातल्याची बातमी वाचून कोणी आधीच नाव पळवलं तर. तुमच्या बाबतीत तो दिसत नाही. एक गोष्ट मात्र तपासा. २०१९ ही अर्जाची तारीख असेल आणि कंपनी ते नाव २०१४ पासून बाजारात वापरत असेल, तर ती नोंदणी नसलेल्या हक्काचा आधार घेऊ शकते. तसं असलं तरी तुमच्याकडे दुसरी ढाल आहे. शब्दाचा जो अर्थ आहे त्याच अर्थाने तुम्ही तो वापरता. टाक्याचं नाव घेऊन तुम्ही टाकेच विकता. याहून रास्त संबंध कोणता?

म्हणून मला काळजी त्या कडेच्या जाहिरातींची वाटते. त्या तुम्ही निवडत नसलात तरी साइट तुमची, म्हणून जबाबदारीही तुमची धरली जाते. ‘त्या आपोआप येतात’ हे उत्तर पंच सहसा मानत नाहीत. एखाद्या दिवशी तिथे सॉफ्टवेअरची जाहिरात झळकली आणि कंपनीने त्या पानाचं छायाचित्र काढून ठेवलं, तर भरतकामाची वेबसाइट त्यांच्या गिऱ्हाइकांना वळवण्याचा सापळा म्हणून रंगवता येईल. जाहिरातींची ती पट्टी आजच काढा. पण साइट बंद करून बसू नका. नाव नुसतं धरून ठेवणं हाही वाईट हेतू ठरू शकतो, असं टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन टेलिफोन कंपनीच्या २००० मधल्या प्रकरणात पंचांनी म्हटलं आहे. तिथलं नाव प्रसिद्ध होतं आणि ज्याने ते घेतलं त्याने स्वतःची ओळख लपवली होती, त्यामुळे तुमची तुलना त्याच्याशी होणार नाही. पण चालती साइट हा तुमचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे, त्याला गप्प का करायचं?

डोमेन त्या मुलाच्या नावावर आहे, हे तुम्ही ‘तसं’ म्हणून ओझरतं लिहिलंत. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत धोक्याची ओळ तीच. तक्रार दाखल झाली की नोटीस नोंदीतल्या पत्त्यावर जाते आणि उत्तराला वीस दिवस मिळतात. तो मुलगा ते खातं बघत नसेल, तर तुमचे वीस दिवस तुम्हाला न कळताच संपतील. एकतर्फी निकालातही तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्याच लागतात, पण तुमची बाजू मांडायला कोणी नसतं. म्हणून नाव तुमच्या नावावर करून घ्या. करताना एक ध्यानात असू द्या. दुसऱ्याकडून डोमेन घेतलं तर पंच ती नवी नोंदणी समजतात, आणि मग तुमचं २०१६ चं मोल जाऊन आजची तारीख लागेल. दरवर्षीच्या नूतनीकरणाने असं सहसा होत नाही. नावातला बदल केवळ कागदोपत्री आहे, खरा ताबा पहिल्यापासून अखंड तुमचाच होता, हे दाखवता आलं तर जुनी तारीख टिकते. त्यासाठी पैसे भरल्याच्या पावत्या, त्या मुलाशी झालेला पत्रव्यवहार, २०१६ मधले पहिले विकलेले नमुने, सगळं एका ठिकाणी जमवा. त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या की नाव पहिल्यापासून तुमच्यासाठीच घेतलं होतं. आणि हे लगेच करा, कारण तक्रार आली की रजिस्ट्रार डोमेनला कुलूप लावतो आणि मग काही हलवता येत नाही.

दुसऱ्या उत्पादनाचं नाव आधीच घेऊन ठेवायचा विचार, तो मनातून काढून टाका. युडीआरपीखालचं अगदी पहिलं प्रकरण नेमकं असंच होतं. कोणीतरी १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं पूर्ण नाव डॉट कॉममध्ये घेतलं, लगोलग त्यांनाच एक हजार डॉलरला विकायला काढलं, आणि २००० च्या जानेवारीत ते गमावलं. युडीआरपीत नुसतं नाव जातं, दंड नाही. पण अमेरिकन न्यायालयात प्रत्येक नावामागे एक लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. आणि पैशाआधीच नुकसान झालेलं असेल: आज तुम्ही ज्या प्रामाणिकपणावर उभ्या आहात, तोच त्या एका नोंदणीने संपेल.

स्वतःचा ट्रेडमार्क नोंदवायचा का? नोंदवा, पण नुसत्या त्या शब्दांचा नको. तुमचं डोमेन वाचवतोय तो त्या नावाचा साधेपणाच, आणि नोंदणीच्या वेळी तोच आडवा येईल. भरतकामाच्या नमुन्यांसाठी ‘टाका’ हा वर्णनाचा शब्द आहे, तो एकट्याला सहजासहजी दिला जात नाही. सोबत एखादा वेगळा, गाठीचा शब्द जोडा. नमुने फाइल म्हणून विकत असाल तर वर्ग तुमच्या वकिलाकडून नीट ठरवून घ्या, कारण डाउनलोड होणाऱ्या फाइल आणि सॉफ्टवेअर एकाच नवव्या वर्गात पडतात आणि तिथे ही कंपनी आधीच बसलेली असणार. ट्रेडमार्कभंगाचा दावा युडीआरपीच्या बाहेर, कोर्टातही होऊ शकतो. तसं काही आलं तर ते पत्राने सोडवायचं काम नाही, वकील लागेल.

राहिलं कंपनीच्या पत्राचं उत्तर. ते थोडकं असू द्या: ‘आपलं पत्र मिळालं. हे नाव मी २०१६ पासून, म्हणजे आपल्या ट्रेडमार्कच्या आधीपासून, माझ्या भरतकामाच्या व्यवसायासाठी सतत वापरत आहे. ते विकण्याचा माझा विचार नाही. आपल्या व्यवसायाशी माझा संबंध नाही आणि तसं मी कुठे भासवतही नाही.’ रक्कम नको, टोमणा नको, नव्या एक्स्टेन्शनचा उल्लेखही नको. पाठवण्याआधी डोमेन तुमच्या नावावर आलेलं असू द्या आणि जाहिराती निघालेल्या. त्या मुलाला आजच फोन करा.